मिनिक्सचे घर सोडताना

संगणक आणला, वीज जोडली, की तो कामाला लागला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वीज सुरू होताच यंत्राच्या कायम स्मृतीत कोरलेला एक छोटासा कार्यक्रम तेवढा जागा होतो. पूर्वीच्या यंत्रांत तो तबकडीच्या आरंभीचे अवघे 512 बाइट उचलून स्मृतीत आणी आणि सूत्रे त्यांच्या हाती देऊन मोकळा होई. पुढचा सारा संसार त्या चिमूटभर मजकुराने उभा करावयाचा. म्हणूनच नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसविणे हे काम जितके यंत्राचे, तितकेच पूर्वतयारीचे आहे.

लिनक्सच्या जन्मकथेत ही तयारी फार स्पष्ट दिसते. जानेवारी 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने हप्त्यांवर 386 जातीचा संगणक घेतला. त्याची स्मृती होती 4 मेगाबाइट. त्यावर ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली मिनिक्स ही प्रणाली बसवावयाची होती. ती आली सोळा फ्लॉप्यांवर! एकामागून एक फ्लॉपी घालण्यात त्याचे शनिवार-रविवार खर्ची पडले.

मिनिक्सच्या अंगणातच लिनसची स्वतःची प्रणाली वाढू लागली. 25 ऑगस्ट 1991 रोजी त्याने तिची वार्ता मिनिक्सच्या जाणकारांना दिली आणि सप्टेंबरात 0.01 ही आवृत्ती बाहेर पडली. मात्र ती स्वतःच्या पायांवर उभी नव्हती. तिचे संकलन मिनिक्सवरच करावे लागे. कळफलक फिनिश धाटणीचा धरलेला आणि हार्डडिस्कची मोजमापे तर थेट मूळ लेखनात घातलेली! दुसऱ्या कोणास ती चालवावयाची झाली, तर आपल्या तबकडीचे आकडे त्यात भरून सारे पुन्हा संकलित करणे भाग होते. ज्याच्या घरी मिनिक्स नाही, त्याने काय करावे?

पुढे तोडगा निघाला तो दोन फ्लॉप्यांचा. पहिलीने यंत्र जागे करावयाचे, दुसरीने आवश्यक कार्यक्रम पुरवावयाचे. मग तबकडीचे विभाग पाडावयाचे, त्यावर फाइलींची व्यवस्था रचावयाची आणि सामान हलवावयाचे. एवढे करूनही यंत्र फ्लॉपीकडेच पाहत राही. त्याला हार्डडिस्कची वाट दाखविण्यासाठी पहिल्या फ्लॉपीच्या आरंभखंडातील 508व्या स्थानापासूनचे दोन बाइट हाताने बदलावे लागत. घर बदलल्यावर पोस्टात नवा पत्ता कळवावा, तसाच हा प्रकार.

खुद्द लिनसचे स्थलांतर मात्र योजनापूर्वक झाले नाही. 1991 च्या अखेरीस विद्यापीठाच्या संगणकाशी दूरध्वनीने संधान बांधण्याचा त्याचा प्रयत्न चालला होता. हुकूम जावयाचा मोडेमकडे, तो गेला हार्डडिस्ककडे! दूरध्वनी लावण्याच्या आज्ञा मिनिक्सच्या विभागावर लिहिल्या गेल्या आणि तो विभाग निकामी झाला. सोळा फ्लॉप्या पुन्हा घालता आल्या असत्या. त्याने त्या घातल्या नाहीत. तोवर लिनक्स आपले संकलन आपणच करण्याइतके सावरले होते, त्यामुळे परतीची वाट मोडली तरी काम अडले नाही. हा निर्णय थोडा बेफिकीर खरा. पण मिनिक्स शाबूत असते, तर तो इतक्या लवकर झाला असता असे वाटत नाही.

याच सुमारास जर्मनीतील एका गृहस्थाची अडचण पुढे आली. त्याच्या यंत्राची स्मृती फक्त 2 मेगाबाइट असल्याने तेथे संकलनच होईना. तेव्हा नाताळच्या सुटीत लिनसने स्मृतीतील पाने तबकडीवर उतरवून ठेवण्याची सोय केली. जानेवारी 1992 च्या 0.12 आवृत्तीत ती सर्वांना मिळाली.

जुलै 1993 मध्ये पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर या नावाने बांधून दिलेला संच तर चोवीस फ्लॉप्यांचा होता. बाइट हाताने बदलण्याचे काम आता सुटले. तरी जुना मजकूर दुसरीकडे उतरवून घेणे, विभाग पाडणे आणि चोवीसही फ्लॉप्या धड आहेत ना हे आधी पाहणे, एवढे घरच्या माणसाकडेच राहिले. अठरावी फ्लॉपी बिघडलेली निघाली, की पहिल्या सतरांचे श्रम तेथेच खोळंबत.