प्रेमाचे नियमन : वऱ्हाडातील दोन वाटा

प्रेम हा मनुष्याचा स्वभावच आहे, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो त्यास आवर कसा घालावा याविषयी. हा विचार करावयाचा म्हणजे प्लेटोचे संवाद उघडावयास हवेत, अशी आपल्या सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः एकट्या अमरावती जिल्ह्यात या प्रश्नाची दोन निराळी उत्तरे आचरून दाखविली गेली आहेत. एक तेराव्या शतकात रिद्धपुरास, दुसरे विसाव्या शतकाच्या आरंभी माधान येथे.

पहिले उत्तर महानुभाव पंथाचे. श्रीचक्रधरस्वामी गुजराथेतील घर व पत्नी कमळाइसा यांना मागे ठेवून रामटेकच्या यात्रेस निघाले आणि रिद्धपुरास गोविंदप्रभूंची भेट झाल्यावर पुन्हा घरी परतले नाहीत, अशी पंथाची परंपरा आहे. शिष्यांसही त्यांनी स्वदेश, स्वग्राम आणि विशेषेकरून आप्तांचा संबंध सोडावयास सांगितले. जेथे प्रीती जडते तेथे जीव बांधला जातो, म्हणून तिचा विषयच बदलावयाचा. परंतु प्रेम आटले काय? स्वामींच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य शोकाने व्याकूळ झाले, व पुढे रिद्धपुरास येऊन गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले.

दुसरे उत्तर गुलाबराव महाराजांचे. १८८१ साली जन्मलेल्या या पुरुषाची दृष्टी तान्हेपणीच गेली. १९१५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचा देहान्त झाला; तेवढ्या अवधीत त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. ते नाते तोडावयास सांगत नाहीत. नाते जोडावयास सांगतात. स्वतःस त्यांनी ज्ञानेश्वरांची कन्या व श्रीकृष्णाची पत्नी मानले आणि कुंकू, मंगळसूत्र ही सौभाग्यचिन्हे धारण केली. कित्येकांस हे विचित्र वाटले, अजूनही वाटते. मला मात्र त्यात एक कठोर तर्क दिसतो. मधुराभक्तीवर स्वैरतेचा आक्षेप नेहमी घेतला जातो. महाराजांनी तिला माहेर दिले, सासर दिले, पातिव्रत्याची मर्यादा दिली. जी मर्यादा आपला समाज स्त्रीवर लादीत आला, ती एका पुरुषाने आपखुशीने स्वतःवर घेतली. प्रेमाचा वेग कायम ठेवून त्यास काठ बांधण्याचा हा प्रकार मला संन्यासाहून अधिक अवघड वाटतो.

पण येथेच प्रश्न उरतो. महाराज गृहस्थ होते. मनकर्णिकाबाईंशी त्यांचा विवाह झालेला होता. पतीच जर दुसऱ्याची पत्नी झाला, तर घरातल्या पत्नीने काय व्हावे? कमळाइसेस तरी कोणी विचारले होते? स्वतःच्या प्रेमाचे नियमन करणाऱ्याने त्याचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर किती टाकला, हे तपासल्यावाचून मी कोणत्याही वाटेस निर्दोष म्हणणार नाही.

रिद्धपुरातील एक प्रसंग येथे आठवतो. गोविंदप्रभूंना एकदा आपले लग्न व्हावे अशी लहर आली. त्यांच्या आज्ञेवरून महदाइसेने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायिले. ही रुक्मिणी याच जिल्ह्यातील, वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची. आपला वर तिने आपणच निवडला. आणि गाणारी महदाइसा विधवा होती. ज्या काळी लग्नमंडपात विधवेची सावलीही अशुभ, त्या काळी मराठीतील आद्य कवयित्रीच्या तोंडून लग्नाचीच गाणी प्रथम उमटली.