करोडगिरीचा मोबदला

पैनगंगेच्या दक्षिणेस परभणी जिल्हा व उत्तरेस वऱ्हाड. हिंगोली १९९९ सालीं वेगळा जिल्हा झाला, तोंपर्यंत परभणीची सीमा या नदीस भिडलेली होती. निजामी अमदानींत नदी ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यास राज्य बदलल्याची खूण तत्काळ पटे. दक्षिण तीरावर हाली शिक्का, उत्तर तीरावर कलदार रुपया; सात हालींस साधारणतः सहा कलदार पडत. शिवाय करोडगिरी, म्हणजे सरहद्दीवरील जकात, द्यावी लागे ती निराळीच. परभणीचा कापूस बाहेर जातांना जो भार पडे, तो अखेर शेतकऱ्याच्याच पदरीं येणार, हें उघड होतें.

ही जकातहि निजामाच्या केवळ मर्जीची नव्हती. १८०२ च्या व्यापारी तहानें इंग्रजांनीं तिचा दर शेंकडा पांच असा बांधून टाकला होता. दर वरिष्ठ सत्तेनें ठरवावा आणि उत्पन्न संस्थाननें घ्यावें, अशी ती वांटणी होती.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें. तथापि राजकीय विलीनीकरण पांच दिवसांच्या कारवाईनें झालें, तसें आर्थिक विलीनीकरण होणें शक्य नव्हतें. १ एप्रिल १९५० पासून रेल्वे, टपाल, प्राप्तिकर हीं खातीं केंद्राकडे गेलीं. परभणी व पूर्णा या स्थानकांवरून धांवणारी निजाम सरकारची गाडी भारत सरकारची झाली. अंतर्गत जकात उठविण्यास घटनेच्या ३०६ व्या कलमानें मुदत दिली. हाली नाणें तर १९५९ पर्यंत चालत राहिलें.

गेलेल्या उत्पन्नाचें काय, हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर व्ही. टी. कृष्णम्माचारी समितीनें दिलें. राज्याचें बुडालेलें उत्पन्न आणि त्याचा वांचलेला खर्च यांचा मेळ घालून जी तूट राहील, ती केंद्रानें भरावी. पहिलीं पांच वर्षें पूर्ण, पुढें उतरत्या प्रमाणांत. २७८ व्या कलमान्वये अशा कराराची कमाल मुदत दहा वर्षें होती. त्याच दहा वर्षांसाठीं ३७१ व्या कलमानें हैदराबादसारखीं 'ब' वर्गांतील राज्यें राष्ट्रपतींच्या सर्वसाधारण नियंत्रणाखालीं ठेविलीं आणि त्यांचे आदेश पाळणें बंधनकारक केलें. एका हातीं अनुदान व दुसऱ्या हातीं आज्ञा, असें हें शासन होतें.

१ नोव्हेंबर १९५६ रोजीं हैदराबाद राज्यच मोडलें आणि मराठवाडा द्विभाषिक मुंबईंत आला. हीं तात्पुरतीं कलमें गेलीं. ३७१ हा आंकडा मात्र राहिला. त्याखालीं मराठवाड्यासाठीं स्वतंत्र विकास मंडळाची तरतूद झाली. तें मंडळ प्रत्यक्षांत येण्यास १९९४ साल उजाडलें.

१९५० सालचा हा व्यवहार पुढें साऱ्या देशानें पुन्हां पाहिला. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां राज्यांनीं आपले अनेक कर सोडले. मोबदला म्हणून उत्पन्नांत दरसाल शेंकडा १४ वाढ धरून येणारी तूट पांच वर्षें भरून देण्याची हमी केंद्रानें दिली. जून २०२२ मध्यें ती मुदत संपली.

सरहद्दीवरील नाकीं गेलीं, हें परभणीच्या शेतकऱ्याच्या हिताचेंच झालें. तीं परत यावींत असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु अनुदानास मुदत असते, सोडलेल्या अधिकारास ती नसते. म्हणून मोबदल्याचा करार करतांना पहिल्या पांच वर्षांचा हिशेब जितका बारकाईनें पाहिला जातो, तितकाच सहाव्या वर्षाचाहि पाहिला पाहिजे.