टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकत्र का वापरायची नाही? वापर, साठवण आणि विल्हेवाट

नांदेड-लातूरकडे बोअरचं पाणी जड, म्हणून बाथरूममध्ये पांढरे डाग ठरलेले. ते काढायला ॲसिडचं क्लीनर लागतं. पाणी साठवून ठेवायची सवयही जुनीच. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टाकी धुवायची म्हटलं की ब्लीचिंग पावडर आलीच. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण एकत्र आल्या तर जिवावर बेतू शकतं. कसं ते पाहूया.

नेमकं काय होतं?

टाइल्सवरचा पांढरा थर हा पाण्यातल्या क्षारांचा असतो. हार्पिकसारख्या क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक ॲसिड तो थर विरघळवतं. ब्लीचिंग पावडरमधलं कॅल्शियम हायपोक्लोराइट जंतू मारतं. पण हायपोक्लोराइटमध्ये ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू बाहेर पडतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, हाच वायू शस्त्र म्हणून वापरला होता. तो हवेपेक्षा जड असल्याने बंद बाथरूममध्ये खालीच साचतो. डोळे झोंबतात, खोकला येतो, श्वास कोंडतो.

काही टॉयलेट क्लीनर ॲसिडचे असतात, तर काही ब्लीचचे. त्यामुळे नावावर जाऊ नका, लेबल वाचा. इंग्रजीतली बारीक अक्षरं कळत नसतील तर गूगल लेन्सने मराठी भाषांतर करून बघा.

वापरताना

- एका वेळी एकच वस्तू वापरा. भरपूर पाण्याने धुवून झाल्याशिवाय दुसरी काढू नका.
- दार-खिडकी उघडी ठेवा, रबरी हातमोजे घाला.
- ॲसिड पातळ करायचं असेल तर आधी पाणी घ्या, मग त्यात ॲसिड हळूहळू ओता. उलटं केलं तर उष्णतेने ते अंगावर उडू शकतं.

साठवताना

- मूळ बाटलीतच ठेवा. कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ॲसिड, फिनेल भरून ठेवणं सगळ्यात धोक्याचं. तहानलेलं लेकरू लेबल वाचत नाही.
- ॲसिड आणि ब्लीच वेगवेगळ्या जागी, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.
- उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ब्लीच ठेवू नका. उष्णता आणि ओल लागली की त्याचा जोर कमी होतो.
- सुटं ॲसिड घेणं टाळा. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या आदेशानुसार ते १८ वर्षांखालील कोणाला विकता येत नाही आणि घेणाऱ्याची नोंद ठेवावी लागते.

टाकून देताना

शक्यतो लागेल तेवढंच आणा आणि संपवा. उरलेलं ॲसिड-ब्लीच एकाच मोरीत ओतू नका. पाइपमध्येही दोन्ही मिसळतात. सेप्टिक टँकमध्ये जास्त गेलं तर मैला कुजवणारे जिवाणू मरतात. घनकचरा नियमांत असा घातक कचरा वेगळा द्यायला सांगितलंय, म्हणून घंटागाडीवाल्याला तो वेगळ्या पिशवीत द्या. रिकामी बाटली धुवून कापून टाका, म्हणजे कोणी परत वापरणार नाही.

काही झालंच तर

- वास झोंबला: सगळं तिथंच सोडा आणि मोकळ्या हवेत या. आवरायला परत आत जाऊ नका.
- डोळ्यात किंवा अंगावर उडालं: वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटं धुवा.
- पोटात गेलं: मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. वर येताना ॲसिड घसा पुन्हा भाजतं.

लगेच १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधल्या विषबाधा माहिती केंद्राचा टोल-फ्री नंबर आहे १८०० ११६ ११७. लेबलचा फोटो काढून ठेवा. काय पोटात गेलंय हे डॉक्टरांना त्यावरून चटकन कळतं.

हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा आणि ही माहिती घरात साफसफाई करणाऱ्या प्रत्येकाला सांगा.