कामठीच्या छावणीतील दिनक्रम

आपल्या समाजाच्या सैनिकी परंपरेविषयी बोलताना आपण कोरेगावच्या जयस्तंभापासून आरंभ करतो, आणि ते योग्यच आहे. तथापि रणांगणावरील एका दिवसामागे कवायतीच्या मैदानावरील शेकडो दिवस उभे असतात. त्यांची नोंद सहसा कोणी घेत नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतून जे तरुण सैन्यात दाखल झाले, त्यांचे ते दिवस कसे जात, हे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पूर्वपीठिका. मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये व शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे अर्ज करून हे दार पुन्हा उघडण्याची मागणी केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ वी महार पलटण उभारण्यात आली. पण युद्ध संपले आणि १९२१ साली ती मोडली गेली. पुढे १९४१ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले व त्यांनी हा प्रश्न लावून धरला. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठीस, तर तिसरी आज पाकिस्तानात असलेल्या नौशेरा येथे उभारली गेली.

कामठी नागपूरच्या पलीकडे दहा मैलांवर, कन्हान नदीच्या काठी आहे. इंग्रजांनी तेथे १८२१ मध्येच छावणी वसविली होती. आज हे अंतर कोणास दूर वाटणार नाही. परंतु ज्याने आठवडी बाजारापलीकडचे जग पाहिले नव्हते, त्या दारव्हा तालुक्यातील तरुणाला ते परदेशासारखेच होते. लहान रुळांच्या ‘शकुंतला’ गाडीने मूर्तिजापूर गाठायचे, तेथून मोठ्या गाडीने नागपूर, आणि मग कामठी. ज्यांची रवानगी बेळगावला वा नौशेऱ्याला होई, त्यांच्या घरच्यांना तर तो मुलूख कोणत्या दिशेस आहे हेही ठाऊक नसे.

छावणीत दिवस पहाटेच्या बिगुलाने उजाडे. अंथरूण घडी करून सामान नेमून दिलेल्या रीतीने मांडायचे, दाढी करायची, आणि उजाडताच कसरतीस उभे राहायचे. त्यानंतर कवायत. अनवाणी चालून घट्ट झालेले पाय खिळ्यांच्या जड बुटांत कोंडले की आरंभीचे काही दिवस फोडांचेच जात. पुढे पॉइंट तीनशे तीनची रायफल हाती येई. ती उघडणे, दोरीला चिंधी बांधून नळी साफ करणे, पुन्हा जोडणे, हे डोळे मिटून करता येईपर्यंत घोटून घेतले जाई. लंगरात गव्हाच्या चपात्या व डाळ मिळे. गावी गहू सणासुदीचा. येथे तो रोजचा. तरीही ज्वारीच्या भाकरीची आठवण सुटत नसे. सायंकाळी खेळ, नंतर गिनती, आणि बिगुल वाजताच दिवे मालवणे.

याशिवाय शाळा होती, आणि शिक्षक या नात्याने तिचे महत्त्व आम्हांस विशेष वाटते. त्या काळी फौजेतील शिक्षण रोमन उर्दूत, म्हणजे इंग्रजी लिपीत लिहिलेल्या उर्दूत चाले. ज्याने मराठी मुळाक्षरेही गिरविली नव्हती, त्याच्या वाट्याला परकी लिपी व परकी भाषा एकदम येई. बराकीत एखादाच मराठी शिकलेला असे; तोच सर्वांची पत्रे लिही. ‘आम्ही येथे खुशाल आहोत’ एवढ्या एका ओळीसाठी त्याच्याभोवती गर्दी होई. बढतीसाठीही फौजी परीक्षेचे प्रमाणपत्र लागे. विद्येचे मोल येथे व्याख्यानाने नव्हे, तर रोजच्या गरजेने पटले.

वाचकहो, महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ सालचा. त्यास उणीपुरी चौदा वर्षे होत होती. गावी ज्यास पाणवठ्यापासून दूर उभे राहावे लागे, तो येथे सरकारी नळावर आपली बादली भरीत होता. गावी ज्यास कोणीही अर्ध्या नावाने हाक मारी, त्याचे पूर्ण नाव येथे हजेरीच्या पटावर होते. आणि मनात एक धाक सतत असे : १९२१ प्रमाणे पलटण पुन्हा मोडली तर? म्हणूनच एकाची चूक ही सर्वांची चूक मानली जाई.

तो धाक खोटा ठरला. दुसरी पलटण ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेली. १९४६ मध्ये ही मशीनगन रेजिमेंट झाली. तिचे केंद्र आता मध्यप्रदेशात सागर येथे आहे. ‘यश सिद्धि’ हे तिचे ब्रीद असून, जनरल कृष्णराव व जनरल सुंदरजी हे दोन सरसेनापती तिच्यातूनच पुढे आले.

आता एक विनंती. ते शिपाई बहुतेक काळाच्या पडद्याआड गेले. पण त्यांची सेवापुस्तके, पदके व पत्रे अजून कोणाच्या तरी पेटीत असतील. ती वाळवीच्या स्वाधीन होण्यापूर्वी बाहेर काढावीत, आणि आजोबांचे नाव, गाव, पलटण व भरतीचे वर्ष कागदावर उतरवून मंडळाकडे द्यावे. ज्यांनी परक्या लिपीत आपले नाव लिहावयास शिकून आपल्यासाठी वाट मोकळी केली, त्यांचे नाव आपल्या लिपीत लिहून ठेवणे हे आपले साधे कर्तव्य होय.