‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावरील नावे

ध्वनिमुद्रिकेचे वेष्टन हा इतिहासाचा दस्तऐवज मानण्याची प्रथा आपल्याकडे अद्याप पुरती रुळलेली नाही. वस्तुतः वादनात कोणाचा सहभाग होता हे सांगणारा तोच पुष्कळदा एकमेव लेखी पुरावा असतो. आणि तो सदोष असला म्हणजे पुढील साऱ्या सूचींत तोच दोष उतरत जातो. १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडात प्रसिद्ध झालेली ‘वंडरवॉल म्युझिक’ ही ध्वनिमुद्रिका या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

बीटल्स या इंग्रजी वृंदाने १९६५ नंतर रॉक संगीताला जे प्रायोगिक, ‘सायकेडेलिक’ म्हणून ओळखले जाणारे वळण दिले, त्यात भारतीय वाद्यांचा वाटा मोठा होता. या वृंदातील जॉर्ज हॅरिसन सप्टेंबर १९६६ मध्ये पं. रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी मुंबईस आला होता. पुढे जो मॅसॉट याच्या ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत त्याच्याकडे आले. भिंतीच्या भोकातून शेजारणीचे जग पाहणाऱ्या एकाकी शास्त्रज्ञाची ही कथा. संवाद अत्यल्प असल्याने अर्थनिष्पत्तीचा बराचसा भार संगीतावरच पडला. त्यातून एकोणीस छोटे तुकडे तयार झाले. काही लंडनमध्ये विद्युत्-गिटारांवर व ध्वनिफिती उलटसुलट जोडून, तर काही मुंबईत.

मुंबईतील काम ९ जानेवारी १९६८ पासून सुमारे पाच दिवस चालले. फोर्ट विभागात, फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुअरन्स इमारतीत, एच. एम. व्ही. कंपनीचे ध्वनिमुद्रणगृह होते. तेथे स्टिरिओ यंत्र नसल्याने ते कलकत्त्याहून आणावे लागले. त्यावरही दोनच मार्ग उपलब्ध, म्हणजे वाद्यांचा समतोल वादनाच्या क्षणीच साधणे आले. मागाहून दुरुस्तीला वाव नाही. भिंती ध्वनिरोधक नव्हत्या, त्यामुळे रस्त्यावरील टॅक्सींचा आवाजही काही तुकड्यांत शिरल्याचे हॅरिसननेच नंतर सांगितले आहे. १२ जानेवारीस याच ठिकाणी ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गीताचे वाद्यसंगीतही मुद्रित झाले. त्या गीताचा विषय केंब्रिजचे संस्कृत अध्यापक हुआन मास्कारो यांनी सुचविला होता, एवढे जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

स्टॉपवॉच लावून मोजलेल्या एकदोन मिनिटांत रागाचा भाव उभा करणे ही मैफलीची रीत नव्हे. शिवकुमार शर्मा, रिजराम देसाद यांच्यासारख्या वादकांना हे जमले, ते त्यांच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणातील अनुभवामुळे, असे मानणे सयुक्तिक ठरते. शिवाय याच कंपनीत गो. ना. जोशी यांच्या देखरेखीखाली संतूर, बासरी व गिटार यांचे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे कथासूत्रात्मक ध्वनिमुद्रण नुकतेच, १९६७ मध्ये, झाले होते. मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक म्हणून जोशी सर्वश्रुत आहेत. त्यांची ही दुसरी कामगिरी मात्र मराठीत फारशी चर्चिली गेलेली नाही. तात्पर्य, प्रयोगाची हवा हॅरिसन येण्यापूर्वीच त्या परिसरात होती.

आता वेष्टनाकडे वळू. त्यावर शर्मा यांचे आडनाव ‘शेरमार’ असे वाचता येईल अशा वर्णांनी छापले आहे. दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतरचा ‘र’ उच्चारला जात नाही. तेथे ‘आर’ ही अक्षरे दीर्घ ‘आ’ची खूण ठरतात. म्हणून लिहिणाऱ्याने एक र अधिक घातला, आणि लंडनकराच्या वाचनात दोन्ही र नाहीसे झाले! ‘विनायक’चे ‘विनाइक’ होते, हा बदल मराठीला परका नाही. ‘नायक’चे ‘नाईक’ असेच झाले. सनईवादक शरद व हनुमान यांचे आडनाव ‘जादेव’ असे आहे. असे आडनाव मराठीत ऐकिवात नाही. ते ‘जाधव’ असावे. इंग्रजी कानाला ध आणि द यांतील भेद जाणवत नाही, त्यामुळे महाप्राण गळला. उलट विनायक व्होरांच्या तारशहनाईचे ‘थार-शनहाई’ झाले. दन्त्य त इंग्रजी ट-सदृश वर्णाहून वेगळा दाखविण्याच्या खटपटीत नसलेला महाप्राण आला. सतारवादक इंद्रनील भट्टाचार्य यांचे एक अक्षरच हरवले आहे. सुरबहारवादक चंद्रशेखर नारिंग्रेकर यांचे नाव दोन शब्दांत तोडून ‘चंद्र’ हे नाव व ‘शेखर’ हे आडनाव असा भास उत्पन्न केला आहे. गावाचा पत्ता सांगणारे ‘कर’ प्रत्ययान्त आडनाव पार लोपले. बासरीवादक एस. आर. केंकरे तेवढे सुखरूप राहिले. या विकृतींचे स्वरूप पाहता नावे वादकांकडून लिहून घेतलेली नसून ऐकून लिहिली गेली, हे अनुमान अपरिहार्य होते.

तारशहनाईबाबत चूक केवळ वर्णांची राहत नाही. हे वाद्य गजाने वाजविले जाते. इसराजाला धातूचा कर्णा जोडून ते सिद्ध होते. वेष्टनावरील नाव वाचून ते सनईचाच प्रकार वाटावा. ‘क्राइंग’ या तुकड्यातील त्याचा विलाप ऐकताना ‘पथेर पांचाली’ (१९५५) आठवते; तेथे दुर्गेच्या मृत्यूनंतर सर्वजयेच्या आक्रोशाऐवजी दक्षिणामोहन टागोरांची तारशहनाई ऐकू येते, आणि चित्रपटाचे संगीत हॅरिसनच्या गुरूंचे आहे.

सगळा दोष लंडनच्या माथी मारणे अर्थात न्याय्य नाही. मुंबईच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर संगीतकार व गायक यांची नावे असत. वादकांची बहुधा नसतच. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’वर (१९६६) तबलावादक अनिल भागवत यांचे नाव आहे, मात्र ‘सार्जंट पेपर्स’वर (१९६७) दिलरुबा वाजविणारे अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्याचे बुद्धदेव कंसारा आणि तबल्याचे नटवर सोनी यांचा उल्लेख नव्हता. त्यांची नावे प्रकाशात येण्यास २०१७ साल उजाडावे लागले. ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वादकांना चुकीची का होईना, पण नावे तरी मिळाली होती. ‘शेरमार’चे पुढे शर्मा झाले, कारण शिवकुमारांची कीर्ती जगभर पसरली. शरद व हनुमान यांचे आडनाव नंतरच्या सूचींतही ‘जादेव’ असेच उतरलेले दिसते.