एक दिवस, दोन नकाशे

पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सिनेटमध्ये १४ सप्टेंबर २०११ रोजी एक विधेयक दाखल झाले. क्रमांक १२४९. अमेरिकी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात, म्हणजे प्रतिनिधीगृहात, या राज्यातून जे १८ सदस्य निवडून जायचे त्यांच्या मतदारसंघांच्या सीमा ठरवणे, हा त्याचा विषय. छापील प्रतीत प्रत्येक मतदारसंघासाठी एकेक ओळ होती आणि अठराही ओळींचा आशय एकच होता: हा मतदारसंघ राज्याच्या एका भागाचा बनलेला आहे. कोणता भाग, कोणती काउंटी, कोणते शहर, याचा पत्ता नव्हता. सोबत नकाशाही नव्हता.

तीन महिने हे विधेयक तसेच पोकळ राहिले. १४ डिसेंबरला त्यात सीमांचा तपशील भरला गेला आणि त्याच दिवशी सिनेटने ते २६ विरुद्ध २४ मतांनी मंजूर केले. २० डिसेंबरला राज्याच्या प्रतिनिधी सभागृहात १३६ विरुद्ध ६१ असे मतदान झाले. बाजूने मत देणाऱ्यांत काही डेमोक्रॅटही होते. २२ डिसेंबरला राज्यपाल टॉम कॉर्बेट यांनी सही केली. त्या वर्षी मे-जून महिन्यांत जनसुनावण्या झाल्या होत्या खऱ्या, पण तेव्हा लोकांपुढे नकाशाच नव्हता. सव्वा कोटीहून अधिक लोकांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न अशा रीतीने आठ दिवसांत निकाली निघाला. हा क्रम विधिमंडळाच्याच नोंदींत आहे, आणि पुढे या नकाशावर झालेल्या खटल्यात न्यायालयाने तो निकालपत्रात नोंदवला.

दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्यानुसार राज्यांना जागा मिळतात. २०१०च्या जनगणनेनंतर पेनसिल्व्हेनियाची एक जागा कमी होऊन १९च्या १८ झाल्या, त्यामुळे सीमा नव्याने आखणे भागच होते. आपल्याकडे हे काम परिसीमन आयोग करतो. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ते विधिमंडळाच्या हाती असते, म्हणजे ज्या पक्षाचे बहुमत त्याच्या हाती. २०११ मध्ये दोन्ही सभागृहे आणि राज्यपालपद रिपब्लिकन पक्षाकडे होते. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या ७ लाख ५ हजार ६८७ किंवा ६८८ ठेवण्यात आली. डोकी मोजण्यात कसूर नव्हती. प्रश्न होता तो ही डोकी कोणत्या रेषेच्या आत घातली याचा.

सातवा मतदारसंघ पाहावा. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला पाच काउंट्यांचे तुकडे जोडून तो तयार केला होता. किंग ऑफ प्रशिया या गावाजवळ त्याचे दोन भाग एका रेस्टॉरंटच्या जागेपुरत्या पट्ट्याने जोडलेले होते, तर दुसऱ्या टोकाला एका रुग्णालयाच्या आवारापुरत्या पट्ट्याने. व्यंगचित्रांतला गूफी डोनाल्ड डकला लाथ मारतो आहे, अशी त्याची आकृती दिसते, हे वर्णन देशभर गाजले. शेजारच्या बर्क्स काउंटीची चार मतदारसंघांत वाटणी झाली. तिचे मुख्य शहर रेडिंग एका चिंचोळ्या पट्टीने लँकेस्टरकडच्या सोळाव्या मतदारसंघाला जोडले गेले. त्या शहरापासून अडीच मैलांवर राहणारा एक मतदार पुढे त्या खटल्यात साक्षीला उभा राहिला. त्याचे घर सहाव्या मतदारसंघात पडले होते. वायव्येला ईरी काउंटीचेही दोन भाग झाले. एकूण ६७ काउंट्यांपैकी २८ काउंट्या या नकाशाने फोडल्या होत्या.

या रेषांचा मतपेटीवर काय परिणाम झाला, हे निकालाचे आकडे सांगतात. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारांना राज्यभरात ५०.८ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या १८ पैकी ५. त्या पाच जागांवर त्यांची सरासरी ७६.४ टक्के मतांची. रिपब्लिकनांनी जिंकलेल्या १३ जागांवर त्यांची सरासरी ५९.५ टक्के. विरोधकांची मते मोजक्या मतदारसंघांत कोंबायची आणि उरलेली इतकी पातळ पसरायची की ती कुठेच पुरी पडू नयेत, हे तंत्र या दोन सरासऱ्यांतच दिसते. २०१४ मध्ये डेमोक्रॅटांची मते ४४.५ टक्क्यांवर घसरली, २०१६ मध्ये ती ४५.९ टक्के झाली. जागा दोन्ही वेळा पाचच राहिल्या, आणि मतदारसंघही तेच पाच. मतदार इकडचे तिकडे झाले तरी निकाल जागचा हलला नाही.

जून २०१७ मध्ये लीग ऑफ विमेन व्होटर्स ही संघटना आणि प्रत्येक मतदारसंघातून एक असे १८ मतदार राज्याच्या न्यायालयात गेले. संघराज्याच्या न्यायालयांत या प्रश्नाला खात्रीची वाट नव्हती. याच राज्याच्या आधीच्या नकाशावरचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळला होता. म्हणून अर्जदारांनी राज्याच्या स्वतःच्या घटनेचा आधार घेतला. निवडणुका मुक्त आणि समान असतील, असे कलम तिच्यात १७९० पासून आहे.

विधिमंडळाच्या नेत्यांनी विशेषाधिकाराचा आधार घेतला, त्यामुळे नकाशा आखताना काय हेतू होता हे त्यांच्या तोंडून वदवून घेता आले नाही. मग पुरावा नकाशातूनच काढावा लागला. मिशिगन विद्यापीठाचे जोवेई चेन यांनी संगणकावर राज्याचे एक हजार पर्यायी नकाशे तयार केले. समान लोकसंख्या, सलगता, आटोपशीर आकार, काउंट्या शक्यतो न फोडणे हे रूढ निकष सगळ्यांत पाळले होते. त्यांतल्या पाचशे नकाशांत विद्यमान सदस्य एकमेकांसमोर येऊ नयेत याचीही काळजी घेतली होती. या हजारांतल्या एकाही नकाशात रिपब्लिकनांना १३ जागा मिळत नव्हत्या. डेमोक्रॅट शहरांत दाटीने राहतात म्हणून त्यांची मते वाया जातात, हे बचावाचे उत्तर होते. त्यात तथ्य आहेच, आणि चेन यांच्या नकाशांतही ती दाटी जशीच्या तशी होती. तरी तेराचा आकडा आला नाही.

राज्याच्या कॉमनवेल्थ न्यायालयाचे न्यायाधीश केव्हिन ब्रॉबसन यांनी २९ डिसेंबर २०१७ रोजी आपले निष्कर्ष मांडले. नकाशा रिपब्लिकनांच्या फायद्यासाठी आखला, हे त्यांनी वस्तुस्थिती म्हणून मान्य केले, मात्र त्याने घटनेचा भंग झाल्याचे सिद्ध होत नाही, असे मत दिले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २०१८ रोजी नकाशा रद्द केला. ७ फेब्रुवारीला न्यायमूर्ती डेब्रा टॉड यांचे सविस्तर निकालपत्र आले. विधिमंडळाचे नेते आणि तेव्हाचे राज्यपाल टॉम वुल्फ यांच्यात एकमत झाले नाही, तेव्हा १९ फेब्रुवारीला न्यायालयाने स्टॅनफर्डचे प्राध्यापक नॅथॅनियल पर्सिली यांच्या साह्याने केलेला नकाशा लागू केला. त्यात फक्त १३ काउंट्या फुटत होत्या. न्यायालयातले बहुमत डेमोक्रॅट म्हणून निवडून आलेल्या न्यायमूर्तींचे होते, आणि रिपब्लिकनांनी तो आक्षेप जाहीरपणे घेतला. म्हणूनच नव्या नकाशाची परीक्षा निकालपत्रावरून न करता मतांच्या आकड्यांवरून करायला हवी.

६ नोव्हेंबर २०१८ रोजी नऊ जागा डेमोक्रॅटांना आणि नऊ रिपब्लिकनांना मिळाल्या. राज्याच्या आधीच्या सदस्यांत एकही महिला नव्हती. आता मॅडेलीन डीन, मेरी गे स्कॅनलन, क्रिसी हुलाहान आणि सुझन वाइल्ड या चौघी निवडून आल्या. पण हे श्रेय नकाशाचे की त्या वर्षी देशभर उसळलेल्या डेमोक्रॅटिक लाटेचे? लाट खरी होती, याला पुरावा आहे. मार्चमध्ये जुन्याच सीमांवर झालेल्या अठराव्या मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत, जिथे ट्रम्प यांनी २०१६ मध्ये सुमारे २० टक्क्यांची आघाडी घेतली होती, तिथे कॉनर लॅम्ब हे डेमोक्रॅट हजाराहून कमी मतांनी जिंकले होते.

या प्रश्नाचे उत्तर देणारी नोंद योगायोगाने मागे राहिली आहे. जुन्या सातव्या आणि पंधराव्या मतदारसंघांतील रिपब्लिकन सदस्यांनी मुदतीआधी राजीनामे दिले होते. उरलेल्या दोन महिन्यांसाठीची पोटनिवडणूक जुन्या सीमांवर, आणि पुढच्या दोन वर्षांसाठीची सार्वत्रिक निवडणूक नव्या सीमांवर, अशा दोन्ही निवडणुका ६ नोव्हेंबरलाच झाल्या. ॲलनटाउनच्या मतदाराने त्या दिवशी वाइल्ड आणि रिपब्लिकन उमेदवार मार्टी नॉथस्टीन यांच्या लढतीत दोनदा मत दिले: एकदा जुन्या पंधराव्यासाठी, एकदा नव्या सातव्यासाठी. जुना मतदारसंघ या शहरापासून पश्चिमेला लेबनन आणि डॉफिन काउंट्यांच्या ग्रामीण पट्ट्यापर्यंत ताणलेला होता. नव्याने ॲलनटाउन, बेथलहेम आणि ईस्टन ही शेजारची तीन शहरे एकत्र आणली.

दिवस तोच, उमेदवार तेच, लाट तीच. जुन्या सीमांवर वाइल्ड अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने जिंकल्या; नव्या सीमांवर सुमारे १० टक्क्यांनी. फिलाडेल्फियाच्या बाजूला स्कॅनलन आणि रिपब्लिकन उमेदवार पर्ल किम यांची लढतही अशीच दुहेरी झाली. जुन्या सातव्यात स्कॅनलन यांना ५२ टक्के मते, तर अख्खी डेलावेअर काउंटी आणि फिलाडेल्फियाचा काही भाग असलेल्या नव्या पाचव्यात सुमारे ६५ टक्के. याच दोन जुन्या मतदारसंघांत २०१६ साली रिपब्लिकनांना ६० टक्क्यांच्या जवळपास मते होती. तेव्हा लाटेचे बळ आणि रेषेचे बळ, दोन्ही या आकड्यांत वेगवेगळे मोजता येतात. विजय लाटेनेही मिळाला असता. पण जुन्या रेषा ओलांडायला लाट लागली, आणि तीही जेमतेम पुरली. पाच वर्षांतल्या तीन साध्या निवडणुकांत जो निकाल बदलू शकला नाही, तो बदलायला असाधारण वर्ष यावे लागले.

लाट ओसरल्यावर काय झाले, हेही पाहिले पाहिजे. २०२० मध्ये बायडेन यांनी हे राज्य सुमारे ८० हजार मतांनी जिंकले, म्हणजे राज्य जवळजवळ दुभंगलेले होते. प्रतिनिधीगृहाच्या जागा तेव्हाही नऊ-नऊच राहिल्या. दुभंगलेल्या राज्याचे प्रतिनिधित्वही तसेच दिसावे, एवढीच अपेक्षा नव्या नकाशाकडून होती.

मात्र आखण्याचा अधिकार जिथे होता तिथेच राहिला. २०२० च्या जनगणनेनंतर विधिमंडळ आणि राज्यपाल यांचे पुन्हा जुळले नाही, आणि १७ मतदारसंघांचा नकाशा २०२२ मध्ये पुन्हा न्यायालयालाच निवडावा लागला. न्यायालय एक वाईट नकाशा रद्द करू शकते. वाईट नकाशा करण्याची मुभा मात्र त्याच्या निकालाने संपत नाही. जिंकणाऱ्या पक्षाच्या हातून ती काढून घेतल्याशिवाय मतदाराचा हा हक्क दर दहा वर्षांनी नव्याने पणाला लागणार आहे. म्हणून हे कागद जपायला हवेत: पोकळ विधेयकाची छापील प्रत, चेन यांचे हजार नकाशे, आणि एका दिवशी दोन सीमांवर मोजलेली मते. पुढच्या वेळी कोणी म्हणाले की रेषेने काही फरक पडत नाही, तर त्याचे उत्तर त्यांत आहे.