सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया

सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (संक्षेप : एसओआय) हा मुंबई येथील पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वाद्यवृंद आहे. नरिमन पॉइंट येथील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेने २००६ साली त्याची स्थापना केली. भारतातील पहिला व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद म्हणून तो ओळखला जातो. निमंत्रित वाद्यवृंदसंचालक आणि निमंत्रित एकलवादक यांच्यासह होणाऱ्या मैफली हे त्याच्या कार्याचे प्रमुख अंग आहे.

पार्श्वभूमी

मुंबईत पाश्चात्त्य वाद्यवृंदाची परंपरा या संस्थेपूर्वीची आहे. व्हायोलिनवादक मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राच्या उभारणीत पुढाकार घेतला. जगद्विख्यात संचालक झुबिन मेहता हे त्यांचे पुत्र होत. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून स्वरलेखन व व्हायोलिन शिकलेले अनेक वादक मुंबईत आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा बनले. त्यांपैकी अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. तथापि, केवळ सिंफनी वादनावर उपजीविका करता येईल असा कायमस्वरूपी वाद्यवृंद शहरात रुजला नव्हता.

स्थापना

एनसीपीएचे खुश्रू संतूक यांनी २००४ साली लंडनमध्ये कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेन्गालियेव्ह यांचे वादन वेस्ट कझाकस्तान फिलहार्मॉनिक या वाद्यवृंदासह ऐकले आणि त्यांना मुंबईस येण्याचे निमंत्रण दिले. त्यातूनच नव्या वाद्यवृंदाची कल्पना आकारास आली. बिसेन्गालियेव्ह हे त्याचे संगीत दिग्दर्शक झाले. एनसीपीएच्या संकुलातील १,१०९ आसनांचे जमशेद भाभा नाट्यगृह (१९९९) हे वाद्यवृंदाचे मुख्य सभागृह आहे.

रचना

वाद्यवृंदाच्या कायम वादकांमध्ये भारतीय वादकांचा एक लहान गट आहे. मोठ्या सिंफनीसाठी ऐंशी-नव्वद वादक लागतात. ही उणीव हंगामापुरत्या परदेशांतून, विशेषतः कझाकस्तानमधून, येणाऱ्या वादकांकडून भरून काढली जाते. नावात 'इंडिया' असलेल्या वाद्यवृंदात भारतीय वादक अल्पसंख्य असणे हा त्याच्यापुढील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मानला जातो.

हंगाम आणि निमंत्रित कलावंत

वाद्यवृंदाचे मुख्य हंगाम वर्षातून दोनदा, साधारणतः फेब्रुवारी व सप्टेंबरच्या सुमारास होतात. निमंत्रित संचालक मैफलीच्या काही दिवस आधी दाखल होतो. गती, नादाची तीव्रता आणि वाद्यगटांतील समतोल यांविषयीचे निर्णय त्याचे असतात. हंगामापुरते एकत्र आलेले वादक आणि अपरिचित संचालक यांना मोजक्या तालमींत एकजीव व्हावे लागत असल्याने तालमींचा काळ निर्णायक ठरतो. प्रचलित प्रथेनुसार पूर्वार्धात एखादी लहान रचना व त्यानंतर एकलवादकाचा कन्चेर्टो, तर मध्यंतरानंतर सिंफनी सादर होते.

शार्ल द्युत्वा, मार्टिन ब्रॅबिन्स, कार्लो रित्सी आदी संचालकांनी, तसेच मारिया जुआंव पिरेश आणि बॅरी डग्लस या पियानोवादकांनी या वाद्यवृंदासह कार्यक्रम केले आहेत. २०१७ साली रित्सी यांच्या संचालनाखाली पुच्चीनी यांचा 'ला बोएम' हा ऑपेरा सादर झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता यांनी मुंबईत या वाद्यवृंदाचे संचालन केले. वडिलांनी वाद्यवृंद उभारलेल्या आपल्या जन्मगावी, तेथीलच वाद्यवृंदासमोर ते उभे राहिल्याने या मैफलींना विशेष महत्त्व प्राप्त झाले.

पेशकार

तबलावादक झाकिर हुसेन यांनी या वाद्यवृंदासाठी 'पेशकार' हा तबला व वाद्यवृंद यांचा कन्चेर्टो रचला. त्याचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१५ मध्ये झेन दलाल यांच्या संचालनाखाली मुंबईत झाला. एकलवादक स्वतः झाकिर हुसेन होते. पेशकार हा स्वतंत्र तबलावादनातील आरंभीचा, विस्तारक्षम भाग होय. सिंफनी वाद्यवृंदातील वादक लिखित स्वरलेखनानुसार वाजवतो, तर तबलावादक ठरलेल्या तालाच्या चौकटीत उत्स्फूर्त विस्तार करतो. या दोन शिस्तींचा मेळ घालणे हे रचनेचे वैशिष्ट्य आहे. निमंत्रित एकलवादकाची पाश्चात्त्य प्रथा येथे भारतीय वाद्यासाठी वापरली गेली.

दौरे

जानेवारी २०१६ मध्ये वाद्यवृंदाने स्वित्झर्लंडचा, तर २०१९ साली ब्रिटनचा दौरा केला. ब्रिटनमधील मैफलींत लंडन व बर्मिंगहॅम या शहरांचा समावेश होता. दोन्ही दौऱ्यांत 'पेशकार' सादर करण्यात आला.

प्रशिक्षण

भारतीय वादकांची उणीव दूर करण्याच्या हेतूने २०१२ साली मुलांसाठी संगीतशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. पुढे तो एसओआय म्युझिक अकॅडमी या नावाने ओळखला जाऊ लागला. वाद्यवृंदातील वादकच तेथे अध्यापन करतात. सिंफनी वाद्यवृंदात बसण्याइतका व्हायोलिनवादक घडण्यास लहानपणापासून दहा-पंधरा वर्षांची सलग साधना लागते. ओबो, बसून, फ्रेंच हॉर्न यांसारख्या वाद्यांचे शिक्षक भारतात विरळ असल्याने त्या विभागांतील उणीव भरून निघणे अधिक कठीण आहे. निमंत्रित संचालक व एकलवादक यांच्यामुळे वाद्यवृंदास प्रतिष्ठा लाभली असली, तरी त्याचे भारतीयत्व या दीर्घकालीन प्रशिक्षणाच्या फलितावर अवलंबून आहे.